पट्टीवरची वेळ

पेडण्याच्या बाजाराच्या अलीकडे एका जुन्या फणसाखाली त्यांची रुग्णवाहिका उभी असायची. सकाळी आठला ड्यूटी लागली की चालक बाबली पोदेराकडचे गरम उंडे पाव आणि चहाचा थर्मास मागच्या पायरीवर मांडायचा, आणि गाडीवरची परिचारिका गौरवी सामान तपासायला बसायची. बाबली सातार्ड्याचा, पन्नाशीचा, तोंडाचा फटकळ. चहा निवेपर्यंत ती खोक्यातून डोकं वर काढायची नाही याचा त्याला राग यायचा, पण तिच्याशिवाय तो घोटही घ्यायचा नाही.

औषध शरीरात शिरायच्या वाटा गौरवीला घरच्या पायवाटांसारख्या पाठ होत्या. घाईचं असेल तर मांडीच्या स्नायूत, कपड्यावरूनसुद्धा. नाहीतर हाताच्या शिरेत. आणि माणूस इतका खचला की शिरा आत ओढल्या गेल्या, तर मग हाडात. गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटं, तिथून आतल्या बाजूला एक बोट, आणि जाड सुई दाबून पिळत न्यायची. शहाळ्याच्या डोळ्यात सुरी जाते तसं काहीतरी आत एकदम सैल होतं. मग सलाईन मज्जेतून थेट रक्तात. या वाटेचा नियम एकच, आणि तो कडक: एका हाडाला एकदाच. एकदा भोक पडलं की दोन दिवस त्या हाडात दुसरी सुई घालायची नाही, नाहीतर घातलेलं सगळं पहिल्या भोकातून पाझरून जातं.

सुई बसली की वर चिकटपट्टी, आणि पट्टीवर वेळ. वेळ सगळेच लिहितात. पण गौरवी आकडे मराठीत लिहायची, कारण घाईत तिच्या हाताला तेच आकडे यायचे, आणि पुढे ‘गौ’. पट्टीचं एक टोक दुमडून ठेवायची, म्हणजे काढताना नख लावावं लागत नाही. इस्पितळातले डॉक्टर त्यावरून चेष्टा करायचे. अख्ख्या उत्तर गोव्यात तशी पट्टी दुसरं कुणी लावत नव्हतं.

मार्चच्या शेवटी इब्रामपूरच्या एका काजूच्या बागेतून फोन आला. स्वप्नील नावाचा दोडामार्गकडचा मजूर, बोंडं वेचताना गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर पाय पडला. ते पोहोचले तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. बागेत पिकलेल्या बोंडांचा आंबूस वास कोंदला होता. स्वप्नीलचे डोळे सुजून मिटले होते, अंगभर गांधी उठल्या होत्या, आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. त्याची बायको रूपाली त्याचं डोकं मांडीवर घेऊन नुसती “ओ, ओ” करत होती.

गौरवीनं पँटवरूनच मांडीत इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांनी दुसरं. शिट्टी थोडी कमी झाली, पण नाडी लागेना. दोन्ही हातांना एकेकदा टोचून पाहिलं. शिरा कुठल्या कुठे गेल्या होत्या. तिनं वेळ दवडला नाही. डाव्या पायाची पँट गुडघ्यावर ओढली आणि तिचा हात तिथंच राहिला.

नडगीत सुई होती. नीट बसलेली. वर पट्टी, एक टोक दुमडलेलं. पट्टीवर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: ११:४०, गौ.

तिच्या घड्याळात अकरा चौतीस झाले होते.

विचार करायची ती वेळ नव्हती. तिनं नळी जोडली, बाबलीनं बाटली दाबली, सलाईन आत जाऊ लागलं. स्वप्नीलच्या ओठांना रंग आला. पापण्या हलल्या आणि तो रूपालीकडे बघून काहीतरी पुटपुटला. गौरवीनं घड्याळ पाहिलं, कारण पट्टीनं तिला पाहायला लावलं. अकरा चाळीस.

त्याला इस्पितळात सोडून आल्यावर तिनं खोकं उघडलं. सकाळी हाडाच्या तीन सुया मोजल्या होत्या, आता दोन होत्या. तिसरीचं फाडलेलं वेष्टण तिच्याच अॅप्रनच्या खिशात होतं.

“बाबली, ती सुई कोणी घातली?”

“कोणी म्हणजे? तुमीच. मी बाटली धरून उभो होतंय.”

“तू बघितलंस घालताना?”

“बघूक नाय. पण दुसरा कोण घालतलो, सिस्टर?”

हे बरोबरच होतं. तिनं मनाशी हिशेब मांडला: घाईत हात आपसूक चालले, घड्याळ वाचताना चूक झाली, उन्हानं डोकं ठिकाणावर नव्हतं. गौरवी भुताखेतांना मानणाऱ्यांतली नव्हती. वेष्टण खिशात होतं म्हणजे ते तिनंच फाडलं होतं. तरी त्या दिवसापासून ती रोज सकाळी सुयांच्या खोक्यावर कागद चिकटवून त्यावर आडवी सही करू लागली.

एप्रिलमध्ये धारगळच्या वळणावर टँकर उलटला. चालक केबिनमध्ये अडकलेला, पोटात रक्तस्राव, चेहरा कागदासारखा. लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं आणि गौरवी गुडघे टेकून बसली. या वेळी तिनं हातही पाहिले नाहीत. आधी पाय पाहिला. नडगीत सुई, वर पट्टी. ४:०५, गौ. चार वाजायला अजून एक मिनिट होतं. तो माणूसही वाचला. खोक्यावरची सही जशीच्या तशी होती. आत तीन सुया होत्या, तिन्ही.

इस्पितळातल्या डॉक्टर शीतल तरुण होत्या आणि मनापासून कौतुक करणाऱ्या. “रस्त्यावर, इतक्या गर्दीत, पहिल्या झटक्यात हाड? गौरवी, तुझ्यामुळे हा माणूस आहे,” त्या म्हणाल्या आणि फॉर्म पुढे केला. सुई कोणी घातली, या रकान्यापुढे गौरवीनं स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर तर तिचंच होतं. लिहिताना हात थरथरला नाही, याचंच तिला घरी गेल्यावर वाईट वाटलं.

मे अर्धा होईपर्यंत असं आणखी दोनदा झालं. चौघेही जगले. आणि या कामात जगलेल्या माणसाकडे कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही. गौरवी कुणाला काही बोलली नाही. नवरा सुदेश वास्कोच्या बंदरात कामाला, आठवड्याला एकदा यायचा. त्या एका दिवसात त्याला हे काय सांगायचं? पण तिच्या हातांची सवय बदलली. नाडी, श्वास, मग लगेच पाय. पट्टी असेल तर माणूस वाचणार, हे तिनं कधी शब्दांत मानलं नव्हतं. हातांनी मात्र मानून टाकलं होतं.

बाबलीच्या ते लक्षात आलं. “आधी हात बघूचास तुमी,” एकदा उंड्याचा तुकडा मोडत तो म्हणाला. “आताशी पाय बघतास.”

तिनं खोक्यावर कागद चिकटवला आणि सही केली.

चांदेलच्या सुमंगला सहासष्ट वर्षांच्या होत्या. दोन दिवस जुलाब, उलट्या, आणि शेजाऱ्यांकडे जागर असल्यामुळे घरच्यांचंही दुर्लक्ष. सुनेनं फोन केला तेव्हा त्या हाकेला ओ देत नव्हत्या. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहणारी. गौरवीनं लुगडं वर केलं. डावा पाय कोरा. उजवा पाय कोरा. मग ती हात पाहू लागली. कोपराच्या खळग्यात, मनगटावर, खांद्याच्या हाडाजवळ. पुन्हा डावा पाय. तिला पट्टी दिसत नव्हती आणि ती पट्टी शोधत होती. कुठेतरी असणारच, आपण नीट पाहत नाही, असं तिला वाटत राहिलं. बाबलीनं दोनदा हाक मारली तेव्हा ती भानावर आली, खोकं फोडून सुई काढली आणि स्वतःच्या हातानं घातली. सुई चांगली बसली. सलाईनही गेलं. पण मधली चार मिनिटं गेली होती, आणि सुमंगलांनी इस्पितळाच्या फाटकाशी प्राण सोडला.

परतीच्या वाटेवर बाबलीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. “सिस्टर, कितें सोधी होतास तुमी?”

गौरवी ढसाढसा रडली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या हातांची किळस आली. चार मिनिटं. तिला हाड माहीत होतं, जागा माहीत होती, सुई तिच्या मांडीशी होती. त्या बाईला तिनं मारलं नव्हतं, पण वाचवलंही नव्हतं, आणि का नाही हे जगात फक्त तिला ठाऊक होतं. त्या दिवशी तिनं ठरवलं, यापुढे कुणाच्या पायावर पट्टी शोधायची नाही.

पुढच्या रविवारी तिची सुट्टी होती. सुदेश घरी होता. मुलगी सुविधा त्याच्याकडे सोडून ती दुपारचं जेवण उरकून स्कूटरनं माहेरी आमोण्याला निघाली. वडील सदाशिव, तिचे आबा, एकाहत्तरचे. आई गेल्यावर एकटेच राहायचे. मांडवीकाठची शेती अजून स्वतः बघायचे आणि गुडघे दुखले की दुकानातून आपल्या मनानं गोळ्या आणून गिळायचे. लेकीनं दहादा बजावलं होतं की रिकाम्या पोटी त्या गोळ्या घेऊ नका. त्यावर ते म्हणायचे, “पोट माझा, गोळी माझी, तुझा काय गेला?” तिला जगात त्यांच्याइतकं जवळचं दुसरं माणूस नव्हतं, आणि त्यांच्याशी भांडल्याशिवाय तिचा एकही फोन संपत नव्हता.

दीड वाजून गेला होता. आमोण्याचा तो अठरा घरांचा वाडा दुपारच्या झोपेत होता. नदीवरून वारा नव्हता. कौलं तापून करकरत होती आणि कुणाच्या तरी जनेलाच्या गजांआड पंखा घरघरत होता. शेजारच्या कृष्णनाथची पिकअप त्याच्या अंगणात नव्हती. तो साखळीला माल घेऊन गेला होता. आबा सोप्यावर पाठ टेकून झोपले होते. उशाशी गोळ्यांची पट्टी, तिच्यातल्या सहा गोळ्या संपलेल्या. पंचा मांडीपर्यंत सरकला होता.

गौरवीनं हातातला कालवणाचा डबा खाली ठेवला.

डाव्या नडगीत सुई होती. वर पट्टी, एक टोक दुमडलेलं. २:२०, गौ.

तिनं घड्याळ पाहिलं. एक पस्तीस.

ती जवळ बसली. बोटानं सुई हलवून पाहिली. भिंतीत खिळा असावा तशी घट्ट. “आबा,” तिनं हाक मारली. त्यांनी डोळे किलकिले केले, “इलंस? पड जरा,” म्हणाले आणि पुन्हा झोपले. नाडी थोडी भरभर. तळवा ओलसर. बाकी काही नाही. घोरणं नेहमीसारखं.

तिचं डोकं कामाला लागलं. पट्टी असलेली माणसं वाचतात. म्हणजे आबा वाचतील. पण पट्टी असलेली माणसं आधी मरणाच्या दारात जातात. म्हणजे आबा दोन वीसला तिथं असतील. गोळ्यांची पट्टी समोर होती, त्यामुळे पोटात रक्तस्राव होणार हेही तिला कळलं. तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, रुग्णाला काय होतंय? काहीच होत नाही, हे खरं होतं. “रक्ताची उलटी झाली,” गौरवी म्हणाली. डिचोलीची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. यायला पाऊण ते एक तास लागेल, असं उत्तर आलं.

सुई होती. पण सुईतून घालायला तिच्याकडे काहीच नव्हतं. आज तिच्याजवळ ना खोकं होतं, ना बाटली. होता तो माशाच्या कालवणाचा डबा.

तिठ्यावर अमोलचं औषधांचं दुकान होतं, आणि गोव्यातल्या कुठल्याही शहाण्या दुकानासारखं ते एक ते चार बंद होतं. तिनं स्कूटर उभी केली ती आडवी पडली. मागच्या दारावर तिनं दोन्ही हातांनी थापा मारल्या.

“कोण गो? चारांक ये!”

“अमोल, मी गौरवी. सलाईन दी. दोन बाटल्यो, नळी, सगळां.”

तो बनियनवर डोळे चोळत बाहेर आला. “कोणाक?”

“आबांक.”

“सकाळी दिसले मगे, बरे होते.”

आताही बरेच आहेत, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं बाटल्या पोटाशी धरल्या आणि पळाली. पैसे अमोलनं मागितले नाहीत, तिला आठवलेही नाहीत.

परत आली तेव्हा दोन वाजून नऊ मिनिटं झाली होती. आबा झोपलेलेच. तिनं कॅलेंडर काढून त्याच्या खिळ्याला बाटली अडकवली, नळीतली हवा काढली, टोक सुईला जोडलं. चाप मात्र बंद ठेवला.

मग ती त्यांच्या पायाशी बसली, आणि तिला दुसराच विचार सुचला.

ही सुई काढूनच टाकली तर?

सुईच नाही, पट्टीच नाही, तर वेळही येणार नाही. कोण जाणे, हे कोण लावतं. कोण जाणे, लावणाऱ्याला काय हवं असतं. आपण आजवर पट्टीला उपकार समजत आलो. ती चिठ्ठी असली तर? बोलावणं असलं तर?

तिनं दुमडलेलं टोक चिमटीत धरलं.

एका हाडाला एकदाच. ही काढली आणि वेळ आलीच, तर या हाडात दुसरी घालता यायची नाही. आणि घालायला दुसरी होती कुठे?

आबांचा पाय तिच्या मांडीवर होता. शेतातल्या मातीनं भेगाळलेली टाच, करंगळीचं वाकडं नख. लहानपणी याच पायांवर उभी राहून ती अंगणभर फिरली होती. तिला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती.

सुमंगलाच्या पायावर काही नव्हतं. हे तिला आठवलं.

तिनं टोक सोडून दिलं.

दोन चौदा. पंखा घरघरत होता.

दोन सोळा. आबांचं घोरणं थांबलं.

दोन सतरा. ते उठून बसले. “बाय, पोटात ढवळता गो,” म्हणाले, अगदी नेहमीच्या आवाजात, आणि ओणवे होऊन ओकले. काळं, मग लाल, मग नुसतंच लाल. सोप्याच्या कडेवरून ते अंगणात ठिबकू लागलं.

तिनं त्यांना आडवं केलं. एका कुशीवर. पायांखाली पाट.

दोन एकोणीस. मनगटात नाडी नव्हती. डोळे उघडे होते, पण ते तिला पाहत नव्हते.

“आबा!”

दोन वीस. तिनं चाप उघडला.

हाडातून सलाईन आपसूक जात नाही, दाबावं लागतं. तिनं बाटली खिळ्यावरून काढून दोन्ही गुडघ्यांत धरली आणि अंगातलं सगळं बळ लावून दाबली. आबा ओरडले. हाडात पाणी शिरताना भयंकर दुखतं, आणि दुखणं कळायला माणूस जिवंत असावा लागतो. ते “आयशे, मेलंय!” म्हणून ओरडले, आणि गौरवी हसत होती की रडत होती हे तिचं तिलाही कळेना. पहिली बाटली संपली. दुसरी अर्धी झाली तेव्हा मानेत नाडी लागली, बारीक, मग थोडी ठळक. दोन एक्केचाळीसला डिचोलीची गाडी अंगणात शिरली.

सोमवारी दुपारी चार वाजता ती मोठ्या इस्पितळातल्या खाटेशेजारी लोखंडी कदेलीवर पाठ टेकून बसली होती. आबांना रक्ताच्या तीन बाटल्या चढल्या होत्या. पोटातली जखम डॉक्टरांनी नळीतून पाहून बंद केली होती. पायातली सुई काढली होती आणि तिथं कापसाचा बोळा होता. आबांच्या चेहऱ्यावर पुन्हा माणसाचा रंग होता. त्यांनी अर्धा कप पेज घेतली, मीठ कमी म्हणून नर्सला बोलणीही ऐकवली. वाचवलं आपण, या वेळी वाचवलं, असं गौरवीला वाटत होतं. महिनाभरात पहिल्यांदाच तिच्या छातीवरचा दगड उतरला होता. सुई कोणी घातली याचा विचार आज करायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

“एक सांग गो,” आबा म्हणाले. “दुखणां माझा दुपारचा. मग सुई सकाळीच कित्याक घालून गेलंस?”

“कधी सकाळी?”

“साडेसात झाले असतले. मी अंगणात उन्हात बसलो होतंय. तू गेट उघडून इलंस, कामाचे कपडे घालून. चाय घे म्हटलंय तर बोललंस ना. पायाकडे बसलंस, दोन बोटां मोजलंस आणि घातलंस.”

“दुखलं नाही तुम्हांला?”

“ना. थंड लागला. मागीर पट्टीर वेळ घातलंस.”

रविवारी साडेसातला गौरवी पेडण्याला स्वतःच्या घरी होती. सुविधाची वेणी घालत होती, आणि सुदेश समोर बसून पेपर वाचत होता.

“तुम्ही दुपारी का नाही बोललात?”

“कितें बोलू? घातलंस तू, तुकाच ठावक. आणि मी निजलो होतंय.”

तिनं त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. त्या कामाला जेवढा वेळ लागायला हवा होता, त्यापेक्षा जास्त लागला. “मग? मग मी कुठं गेले?”

“मागीर शेजारी. मागीर खालच्या घरात. सगळ्या वाड्यार फिरलंस. लोकांका वाटला हत्तीपायाचो सर्वे असतलो, तेंनी पाय फुडे केले. एकेकाच्या गुडघ्याखाली दोन बोटां मोजून निळ्या पेनान टिकली काढी होतंस.” आबांनी डोळे मिटले. बोलून ते दमले होते. “अठरा घरां. एक घर सोडूक ना.”

वॉर्डात भेटायला आलेल्यांची गडबड होती. कुणीतरी डबा उघडला होता.

“सुई घातली कुणाला?”

“ना, सुई माकाच. तेंका टिकली. कृष्णनाथाच्या बाळाकडे मात्र खूप वेळ बसलंस. माका अंगणातसून दिसा होता. तीन महिन्यांचा पोर ता, पाय केवढो तेचो! टिकली काढूक जागो सापडेना तुका.”

“रडलं?”

“ता ना,” आबा म्हणाले. “तू रडत होतंस.”